दोन घड्याळांचे सर

सरांचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही. मला जन्मापासून दिसत नाही, आणि प्राध्यापकांच्या चेहऱ्याचे वर्णन कुणी मुद्दाम करून सांगत नाही. सर जवळ आले की कळायचे ते कपाळाला लावलेल्या बामच्या वासाने, किल्ल्यांच्या जुडग्याने आणि दोन मनगटांवरच्या दोन घड्याळांनी. ते बाकाजवळ दोन्ही हात टेकून वाकले की एका कानाला एक टिकटिक ऐकू येई आणि दुसऱ्या कानाला दुसरी. दोन्ही कधी एकत्र पडत नसत.

परीक्षा विभागातल्या शिपाई मामांनी त्यांना एकदा विचारले, की दोन कशाला?

"एकच असलं तर त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो," सर म्हणाले. "दोन असली की तपासता येतं."

"आन् दोगांत फरक पडला तर?"

"म्हणून तर झोप लागत नाही."

आमचे कॉलेज पिरंगुटच्या पुढे, पौड रस्त्याला लागून. सर शिकवायचे संख्याशास्त्र, पण त्यांना सगळे ओळखत ते परीक्षा अधिकारी म्हणून. हे काम कॉलेजात कुणाला नको असते. सरांनाही नको होते. दर वर्षी ते सोडतो म्हणत आणि दुसऱ्या कुणाच्या हाती किल्ल्या द्यायची वेळ आली की त्यांची छाती होत नसे. ते बावधनहून बसने येत. चांदणी चौकातली गाड्यांची कोंडी हा आपल्या परीक्षेचा पहिला पेपर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या पेपरात नापास होऊ नये म्हणून परीक्षेच्या दिवसांत ते इतक्या लवकर निघत, की मामा फाटक उघडायला येत तेव्हा सर बाहेर कट्ट्यावर डबा मांडीवर घेऊन बसलेले असत.

परीक्षेत मी उत्तर सांगायचे आणि लेखनिकाने ते लिहायचे, अशी माझी व्यवस्था होती. लेखनिक खालच्या वर्गातला हवा. सांगून लिहिण्यात वेळ जातो म्हणून दर तासाला वीस मिनिटे जादा. हे नियम सर्वांना लागू होते आणि बहुतेकांना ठाऊक नव्हते. ऑफिसातले लोक त्याला 'सवलत' म्हणत. सर म्हणू देत नसत.

"सवलत बसच्या पासला असते," ते म्हणत. "हिला वेळ जास्त दिलेला नाही. हिचा जातो तेवढा परत केलाय."

एकदा एका बाईंनी माझ्या देखत "बिचारी" म्हटले. सरांनी टेबलावर कागद चाळल्याचा आवाज केला. "बिचारी," ते म्हणाले, "हा प्रवर्ग आपल्या फॉर्मवर नाही, मॅडम."

हे ऐकून सर प्रेमळ होते असा समज होईल. तसे ते नव्हते. पहिल्या वर्षी प्रत्येक सत्राला त्यांनी माझे अपंगत्वाचे प्रमाणपत्र नव्याने मागितले. माझे वडील पिरंगुटच्या एका कंपनीत होते. पाळी सोडून ते दुसऱ्यांदा कागद दाखवायला आले तेव्हा त्यांचा आवाज चढला.

"साहेब, डोळं काय दर सा महिन्याला परत येत्यात व्हय?"

"तुमच्या मुलीचे नाही येणार," सर म्हणाले. "पण उद्या एखादा खोटा कागद घेऊन आला आणि मी तो न बघता चालवला, तर लोक हिच्या वेळेकडेही तशाच नजरेने बघतील. दाखवा."

वडिलांनी दाखवला. परतताना ते बसमध्ये म्हणाले, "माणूस खत्रूड हाय. पर बघून घेतो."

शीतलचीही त्यांनी परीक्षा घेतली. शीतल आमच्या वस्तीतली, पहिल्या वर्षी अकरावीत होती. संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये मुले अभ्यासाला बसत, तिथे मी तिला उत्तरे सांगायची आणि ती लिहायची, असा आमचा सराव चाले. सरांनी तिला समोर उभे केले.

"तुला अर्थशास्त्र येतं?"

"न्हाई, सर."

"अजिबात?"

"खरंच न्हाई येत."

"छान. असंच ठेव. ही चुकीचं सांगेल तर काय करायचं?"

शीतलच्या पेनचे टोपण टकटक वाजू लागले.

"चुकीचंच लिहायचं. तू पेन आहेस. पेन सुधारत नाही."

"आन् ती थांबली तर?"

"पेन वाट बघतं."

पहिल्या वर्षाच्या निकालात माझ्या एका विषयासमोर गुण नव्हते. 'गैरहजर' असे छापले होते.

त्या पेपरला मी हजर होते. शीतलही होती. झाले होते ते असे. या रस्त्यावरच्या कॉलेजांत एक रीत पडली होती. शेवटची घंटा झाली की उत्तरपत्रिका बैठक क्रमांकाने लावायच्या, दोऱ्यात ओवायच्या, गठ्ठा कापडात बांधून त्यावर मोहोरेची लाख टाकायची आणि रस्त्याने गठ्ठे गोळा करत येणाऱ्या गाडीत तो चढवायचा. हिंजवडीतल्या कंपन्या सुटून त्यांच्या गाड्या चांदणी चौकात यायच्या आत ही गाडी शहरातल्या तपासणी केंद्रावर पोहोचायला हवी. त्यामुळे घंटा आणि लाख यांच्यामध्ये कुणी वेळ जाऊ देत नसे. माझी वेळ मात्र घंटेनंतर संपायची. त्या दिवशी मी आत उत्तर सांगत होते आणि बाहेर गठ्ठ्यावर लाख पडली होती. माझी उत्तरपत्रिका रात्रभर कुलपात राहिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतंत्र पाकिटातून गेली. केंद्रावर गठ्ठा उघडला तेव्हा त्यात माझा क्रमांक नव्हता. जो गठ्ठ्यात नाही तो गैरहजर. पाकीट कुणाच्या टेबलावर पडून होते ते बरेच दिवस कुणाला सांगता आले नाही.

गठ्ठा सरांनी स्वतः बांधला होता.

निकाल दुरुस्त होईपर्यंत सर, वडील आणि मी शहरातल्या त्या ऑफिसात किती वेळा गेलो ते मी मोजले नाही. खिडकीतला माणूस बहुतेक वेळा "सोमवारी या" म्हणे. सर प्रत्येक सोमवारी येत. वडिलांना त्यांचा राग होता आणि तो ते लपवत नव्हते. एकदा बसथांब्यावर ते सरळच म्हणाले, "साहेब, चूक तुमची. नुस्तं माफ करा म्हनला असता तरी बरं वाटलं असतं."

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "पण दुरुस्त होईपर्यंत मी माफी मागणार नाही. माफी मागितली की माणसाला झोप लागते."

बस आली तेव्हा वडिलांनी सरांना आधी चढू दिले.

पाकीट सापडले, गुण लागले, मी दुसऱ्या वर्षाला गेले. सरांनी माफी मागितली नाही. पण त्यानंतर परीक्षा विभागात प्रत्येक गोष्ट दोन झाली. दोन शाईपॅड, दोन दोरे, लाख वितळवायला दोन मेणबत्त्या. माझ्या प्रत्येक पेपरला एक लेखनिक शीतल आणि दुसरा राखीव. तो राखीव मुलगा बाहेरच्या खोलीत बसून राही आणि मामांनी दिलेला चहा पिऊन घरी जाई. "त्या निकालापासनं सरांचं डोकं हललंय," मामा म्हणत. "राती घरनं फोन करत्यात मला. कुलूप लावलं का म्हनं."

त्याच वर्षी एकदा त्यांनी मला ऑफिसात बोलावले. मामा आधीच टेबलाशी बसले होते.

"बाय, सरांनी डोळ्याला मफलर बांधलाय," मामांनी मला सांगितले. "आन् मला पेपर लिवाय बसवलंय."

सर संख्याशास्त्राचा जुना पेपर तोंडी सोडवत होते आणि मामा लिहीत होते. थोड्या वेळाने सर अडखळले.

"कुठपर्यंत आलो?"

"मला काय म्हाईत? तुमी बोलताय, मी लिवतोय."

"वाचून दाखव."

"माझं मलाच लागंना, सर. लई पळवलं तुमी."

तो पेपर सरांनी विभागातल्या दुसऱ्या प्राध्यापकांकडून खरोखर तपासून घेतला. स्वतःच्या विषयात ते नापास झाले. हे त्यांनी मला विनोद म्हणून सांगितले नाही.

"न दिसण्यामुळे गुण नाही गेले," ते म्हणाले. "मागचं वाक्य हातात राहत नाही, तिथे गेले."

"मला राहतं, सर," मी म्हणाले. "मला सवय आहे."

"म्हणजे माझा प्रयोग चुकला?"

"अर्धा."

दोन्ही घड्याळे काही वेळ चालत राहिली. मग त्यांनी विचारले, "तुला काय राहत नाही?"

असे कुणी विचारले नव्हते. मी सांगितले, की वेळ कळत नाही. इतरांना भिंतीवरचे घड्याळ दिसते. मला लेखनिकाला विचारावे लागते, आणि तेवढ्यात उत्तराचा धागा जातो. दुसरे, आवाज. तोवर मला कॅन्टीनमागच्या खोलीत बसवत. तिथे कढईत वडे पडले की ऐकू यायचे.

पुढच्या पेपरापासून माझी जागा परीक्षा विभागाच्या आतल्या खोलीत आली. बाहेर सरांचे ऑफिस, मध्ये प्लायवूडची भिंत आणि तिला एक काच. दर अर्ध्या तासाला सर दार उघडून फक्त किती वाजले ते सांगत. आवाज सपाट. "चालू दे" नाही, "छान" नाही. वरच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक कुणाला छान म्हणत नाहीत, तर मला का म्हणायचे, असा त्यांचा हिशेब असावा. प्रत्येक परिच्छेद झाला की शीतलने तो वाचून दाखवायचा, हाही नियम त्यांनी घातला. आणि गठ्ठा माझी वेळ संपेपर्यंत बांधायचा नाही. गाडीवाल्याशी त्यांनी ठरवून घेतले होते, की आमच्या कॉलेजात सर्वांत शेवटी यायचे.

शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या पेपरला गाडीवर नवा ड्रायव्हर होता. त्याच्याबरोबर तपासणी केंद्राचे एक गृहस्थ होते. वरच्या हॉलची घंटा झाली आणि मुलांचे पाय जिन्यावर वाजत होते, तोवर ते दोघे सरांच्या ऑफिसात येऊन उभे राहिले.

माझे शेवटचे उत्तर बाकी होते. मिठावरच्या कराचा भार कुणावर पडतो, असा प्रश्न. मला पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता, पण पदवीचा निकाल दाखवण्याच्या अटीवर. सकाळी वडील फाटकाशी म्हणाले होते, "एवडा पेपर नीट जाऊ दे. आता परत त्ये सोमवार नगंत." मी शीतलला पहिला परिच्छेद सांगितला. भिंतीपलीकडून सगळे ऐकू येत होते.

"गठ्ठा द्या, सर," गृहस्थ म्हणाले. "भूगावला आत्ताच रांग लागलीय."

"एक पेपर चालू आहे."

"तो मागनं पाठवा की."

"मागनं पाठवलेला कुठे जातो ते मला माहीत आहे."

मी बोलायची थांबले. शीतलचे पेनही थांबले. मी पुढचे वाक्य शोधत होते आणि मला त्या खिडकीतल्या माणसाचा आवाज आठवत होता. "वाच," मी म्हणाले. शीतलने वाचले. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

बाहेर प्राचार्य आले. "अहो, एका मुलीसाठी तुम्ही सगळ्यांचा गठ्ठा अडवून धरलाय."

"सगळ्यांचाच आहे, सर. ती त्यांच्यातच आहे. तिचा नंबर मधे येतो."

"मी लेखी देतो. स्वतंत्र पाकीट, माझ्या सहीने."

"लेखी मागच्या वेळीही होतं."

"तुम्ही बाजूला व्हा. मामा, कापड घ्या."

मामा हलल्याचा आवाज आला नाही. मग काहीतरी जड करकरले.

"ताई," शीतल कुजबुजली, "सर गठ्ठ्यावर बसले."

"लेखनिक," पलीकडून सर म्हणाले, "बोलायचं नाही."

यानंतर सगळे एकदम बोलू लागले. गृहस्थ वरिष्ठांना फोन लावत होते. प्राचार्य सरांना त्यांच्या वयाची आठवण करून देत होते. त्या गोंधळात ड्रायव्हरचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "मला काय, मी थांबतो. च्या मिळंल का?"

"मिळंल की," मामा म्हणाले. "बसा. राखीव पोराचा हाय, त्यो प्याला न्हाई आज."

मी टेबलाची कड धरली होती. मागचे वाक्य मला राहते, असे मी सरांना सांगितले होते. ते आता राहत नव्हते. शीतलने तोच परिच्छेद पुन्हा वाचला. मीठ महाग झाले तरी माणूस ते खायचे सोडत नाही, इथपर्यंत ती आली. मी तिथून धरले आणि सांगत गेले. चुकते आहे का, हे तपासायला वेळ नव्हता. बाहेर हळूहळू शांत झाले.

दार उघडले. बामचा वास आला.

"बाहेरच्या आवाजात चार मिनिटं गेली," सर म्हणाले. "चार मिनिटं मिळतील. दोन्ही घड्याळांनी चार."

"अजून चार?" प्राचार्य मागून म्हणाले.

"आवाज आपला होता, सर."

दार लागले. नंतर पुन्हा ते करकरणे ऐकू आले. सर परत गठ्ठ्यावर बसले होते.

दुसरा परिच्छेद झाला, तिसरा झाला. समारोपाचे एकच वाक्य उरले होते. मी ते सांगायला सुरुवात केली आणि दार उघडले.

"पेन खाली."

"सर, एक वाक्य राहिलंय," मी म्हणाले.

"आर्धं लिवलंय, सर," शीतल म्हणाली. "लिवू का?"

"पेन खाली."

ज्यांनी माझ्यासाठी गाडी थांबवली, प्राचार्यांना थांबवले, ते माझ्यासाठी अर्धे वाक्य थांबायला तयार नव्हते. पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. सरांनी उत्तरपत्रिका उचलली.

"वर किती जणांचं वाक्य राहिलं असेल," ते म्हणाले. "त्यांनी दिलंच ना."

मी तिथेच बसून होते. उत्तरपत्रिका मधोमध घातल्याचा, दोरा ओढल्याचा आवाज आला. मग वितळलेल्या लाखेचा वास. ड्रायव्हरने कप खाली ठेवला आणि गाडी गेली. सर दारात आले तेव्हा मला वाटले, आता काहीतरी म्हणतील.

"लेखनिक," ते म्हणाले, "तुला अजून अर्थशास्त्र येत नाही ना?"

"थोडं थोडं येतंय, सर, आता," शीतल म्हणाली.

"मग यापुढे तुला घेता येणार नाही," असे म्हणून ते गेले.

प्राचार्यांनी त्यांच्याकडून खुलासा मागवला, हे मला मामांकडून कळले. गठ्ठ्यावर का बसलात, असे त्यात विचारले होते. खुर्च्या पाहुण्यांना दिल्या होत्या, असे सरांनी उत्तर दिले. मामांनी ते स्वतः प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले होते. पुढे काय झाले ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हते. परीक्षा विभागाच्या किल्ल्या मात्र पुढच्या सत्रात दुसऱ्याकडे गेल्या.

निकाल लागायला उशीर झाला. तोवर घरात कुणी त्याविषयी बोलत नव्हते. वडील कामावरून आले की आधी आईला हलक्या आवाजात काहीतरी विचारत आणि आई तितक्याच हलक्या आवाजात "न्हाई" म्हणे. ज्या दिवशी लागला त्या दिवशी शीतलने तिच्या मोबाइलवर तो उघडला. ती वरून एकेक विषय वाचत खाली आली आणि अर्थशास्त्राच्या शेवटच्या पेपराशी थांबली.

"आकडा हाय," ती म्हणाली. "ताई, आकडा हाय!"

किती, ते मी तिला नंतर विचारले. आधी सरांना फोन केला.

"सर, निकाल लागला."

"हजर?"

"हजर."

घड्याळे फोनवर ऐकू येत नाहीत.

"ते राहिलेलं वाक्य काय होतं?" त्यांनी विचारले.

उत्तरात काय आहे हे त्यांनी मला कधीच विचारले नव्हते. मी सांगितले: म्हणून मिठावर कर बसवला, तर तो भरतो व्यापारी, पण त्याचा भार शेवटी मीठ खाणाऱ्यावरच पडतो.

सरांनी ते पूर्ण ऐकून घेतले.

"विषय माझा नाही," ते म्हणाले. "पण अर्ध्या गुणाचं वाक्य आहे. फार गेलं नाही. तेवढं सगळ्यांचंच जातं."

"हो, सर."

"आणि पहिल्या वर्षी चूक झाली होती माझी. माफ कर."

हे ते वेळ सांगत तशा आवाजात म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.